कुत्रं आपल्या घरी, की आपण त्याच्या घरी?

पेट सिटिंगचा, म्हणजे मालक गावाला गेले की त्यांचे पाळीव प्राणी सांभाळण्याचा धंदा सुरू करायचा म्हणणारी माणसं हल्ली वरचेवर भेटतात. प्राण्यांची आवड असते, उद्यम नोंदणी झालेली असते, इन्स्टाचं पानही तयार असतं. गाडी अडते ती एकाच ठिकाणी: लोकांची कुत्री-मांजरं आपल्या घरी ठेवून घ्यायची, की किल्ली घेऊन त्यांच्या घरी फेऱ्या मारायच्या? आम्ही नवरा-बायकोने ठाण्यात दोन्ही करून पाहिलंय. आधी पाचपाखाडीतल्या तळमजल्याच्या घरात बोर्डिंग केलं, म्हणजे प्राणी आमच्याकडेच मुक्कामाला ठेवले, आता बरीच वर्षं फक्त फेऱ्या करतो. तेव्हा माझा कल कुठे आहे हे लपवण्यात अर्थ नाही. तरी बोर्डिंगच्या पारड्यात जे खरंच जड आहे ते आधी मांडतो.

पैसा बोर्डिंगमध्ये जास्त, यात वाद नाही. या धंद्यात गिऱ्हाईक वर्षभर सारखं नसतं. गणपती, दिवाळी, मे महिना आणि वर्षाअखेरचा आठवडा, बास. ठाण्यातली निम्मी माणसं गणपतीला कोकणात निघतात आणि सगळी एकाच दिवशी निघतात. ट्रेनने कुत्रं न्यायचं तर एसी फर्स्टचा अख्खा कूपे लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातला पिंजरा. त्यापेक्षा ठाण्यातच ठेवलेलं बरं, असं म्हणून लोक फोन करतात. अशा दिवसांत घरी चार कुत्री असली तर भात-चिकनचं एकच पातेलं चढतं, एकाच मैदानात सगळ्यांची शी-शू उरकते, आणि चौघांचे पैसे येतात. फेऱ्यांमध्ये चार कुत्री म्हणजे चार घरं, चार वॉचमन, चार लिफ्ट. आणि प्रत्येक घरी दिवसातून दोनदा.

काही कुत्र्यांना तर बोर्डिंगच लागतं. चार महिन्यांचं पिल्लू आठ-आठ तास एकटं ठेवता येत नाही. मालक दिसेनासा झाला की दार ओरबाडणारी, शेजाऱ्यांना रात्रभर जागवणारी कुत्री असतात. त्यांना सकाळ-संध्याकाळच्या अर्ध्या तासाने काही होत नाही, त्यांना माणूस लागतो. लॅब्रेडॉर मंडळींचं म्हणाल तर त्यांना कुठेही ठेवा, ताटली वेळेवर आली की झालं. आमच्याकडे येणारे दोन लॅब तर परत जाताना गाडीत चढायला तयार नसायचे.

शेजाऱ्यांचं थोडक्यात सांगतो, कारण तो त्रास कुणालाही आधीच दिसतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांचा हवाला सगळे देतात: सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. बरोबर आहे. पण माझ्या समजुतीप्रमाणे ती ढाल रहिवाशाने स्वतः पाळलेल्या प्राण्यासाठी आहे. घरात चार पाहुणी कुत्री ठेवून धंदा चालवणाऱ्याला सेक्रेटरीने नोटीस दिली, तर तो कागद फार वेळ पुरणार नाही. आमचे शेजारी चांगले होते. वरच्या मजल्यावरच्या काकू तर स्वतःहून पोळ्या आणून द्यायच्या. त्यामुळे बोर्डिंग बंद झालं ते भुंकण्यावरून नाही.

ते बंद झालं गोचिडीवरून.

हसू नका. हा धंदा करणाऱ्याला विचारा, तो हसणार नाही. आपल्याकडे घरोघरी जी तपकिरी गोचीड दिसते तिचा स्वभाव समजून घेतला की बोर्डिंगचं गणितच बदलतं. बाकीच्या गोचिडी बहुतेक गवतात राहतात. ही बाई घरात राहते. रक्त पिऊन टम्म झाली की कुत्र्यावरून उतरते आणि भिंत चढायला लागते. वर, नेहमी वर. पडद्याची शिवण, स्विचबोर्डच्या मागची फट, दाराच्या चौकटीचा वरचा कोपरा, अशा ठिकाणी जाऊन ती हजारांनी अंडी घालते. त्यातून निघणारं पिल्लू सहा पायांचं आणि मोहरीच्या दाण्याहून बारीक. ते कुत्र्यावर चढतं, पितं, उतरतं, फटीत जाऊन कात टाकतं. मग पुन्हा चढतं, पुन्हा उतरतं, आणि तेव्हा कुठे मोठी गोचीड होते. म्हणजे तिचं बरंचसं आयुष्य कुत्र्यावर जात नाही, तुमच्या भिंतीत जातं. उपाशीपोटी ती महिनोन् महिने तग धरते. शेवटचं कुत्रं गणपतीनंतर घरी गेलं, तुम्ही फिनेल मारून निवांत झालात, आणि दिवाळीला पहिलं कुत्रं आल्या आल्या तिला जेवायला वाढलं.

एका पावसाळ्यात आमच्याकडे एक बीगल आलं. गोंडस, लसी पूर्ण, मालकीणबाई अतिशय नीटनेटक्या. गोचिडीची गोळी दिलीय का, तर हो, दिलीय. असेलही. या चघळायच्या गोळ्या चांगल्या असतात, एक महिना चालणाऱ्या, तीन महिने चालणाऱ्या. पण त्या काम करतात ते गोचीड चावल्यावर. कानामागच्या केसांत बसून आलेली, अजून न चावलेली गोचीड दारातून आत येते तेव्हा गोळी काही करू शकत नाही. पंधरा दिवसांनी बायको दिवाणखान्याचा पडदा धुवायला काढत होती. वरच्या दुमडीत राखाडी मण्यांची ओळ लागलेली दिसली. ते मणी हलत होते.

पुढचं सगळं ओघानेच आलं. पेस्ट कंट्रोलवाला आला, फवारणी केली. अंडी फवारणीत मरतीलच असं नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा यावं लागेल म्हणाला. या फवाऱ्यांत बऱ्याचदा पर्मेथ्रिनच्या जातीचं औषध असतं, आणि ते मांजराला विषारी. म्हणून आमच्या घरच्या बोक्याची रवानगी कल्याणला सासुरवाडीला. फवारणीच्या आगेमागे घेतलेली बुकिंगं रद्द, आणि रद्द का हे मालकांना सांगायचं तरी कसं?

एवढ्यावर भागलं असतं तर मी बोर्डिंग सोडलं नसतं. फटी बुजवता येतात, पडदे काढून टाकता येतात, दर महिन्याला फवारणी करता येते. न सुटणारी भानगड पुढे आहे. टिक फीवर, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारे एर्लिकिया किंवा बबेसिया हे आजार, गोचीड चावली की लगेच दिसत नाही. एर्लिकियाची लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन आठवडे जातात. कुत्रं तुमच्याकडे आठ दिवस राहून हसतखेळत घरी जातं. त्यानंतर दहाव्या दिवशी त्याला ताप येतो, खाणं सुटतं, डॉक्टर रक्त तपासतात, प्लेटलेट्स खाली आलेल्या असतात. आणि मग तुम्हाला फोन येतो. गोचीड तुमच्याकडे लागली, की येण्याआधी सोसायटीच्या बागेत, की गेल्यानंतर गाडीच्या सीटवर? कुणीही सिद्ध करू शकत नाही. ना ते, ना तुम्ही. पण ‘तुमच्याकडे राहून आला आणि आजारी पडला’ हे वाक्य व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरायला पुराव्याची गरज नसते. स्थानिक धंदा म्हणजे शेवटी आठ-दहा सोसायट्यांमधलं नाव. मला पैशापेक्षा त्या फोनची धास्ती जास्त बसली. प्रत्येक कुत्रं घरी गेलं की पुढचे तीन आठवडे मोबाईल वाजला की पोटात गोळा यायचा. हे काही मोजून काढलेलं नाही, पण माझ्यापुरता निकाल तिथे लागला.

कुत्रं त्याच्याच घरी राहिलं की गोचीडही त्याच्याच घरची.

आता फेऱ्यांचा त्रास. तोही काही कमी नाही. घोडबंदर रोड हा एकच शब्द पुरे आहे. माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत संध्याकाळी किती वेळ लागेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, आणि तिकडे कुत्रं पाय जुळवून दारात बसलेलं असतं. गेटवर अॅपमधून परवानगी हवी, मालक विमानात, फोन बंद; वॉचमन म्हणतो, ‘साहेब, रोज बघतो तुम्हाला, पण सिस्टीम सोडत नाही.’ म्हणून बुकिंग घेतानाच रोजच्या येण्या-जाण्याचा पास काढून घ्यावा, नाहीतर घरातल्या दुसऱ्या एखाद्याचा नंबर अॅपवर जोडून घ्यावा. किल्ल्यांवर फ्लॅट नंबर कधीच लिहू नये. आम्ही किल्लीला प्राण्याचं टोपणनाव लावतो आणि पत्ता वेगळ्या वहीत. आपोआप लॉक होणारं दार असेल तर किल्ली खिशात आहे याची खात्री केल्याशिवाय उंबरठा ओलांडू नये. कचरा टाकायला एक पाऊल बाहेर, दार मागे धाडकन बंद, अशी फजिती या धंद्यात ठरलेलीच.

शिवाय लोक कामं वाढवतात. जाता जाता कुंड्यांना पाणी. सिलेंडर येणार आहे, जरा घेऊन ठेवाल का. आणि दिवाणखान्यात कॅमेरा. मी वाकून मांजराची ट्रे साफ करत असताना सिंगापूरहून आवाज येतो, ‘दादा, पंखा बंद कराल का?’ सवय होते. खरं तर कॅमेरा असलेलं घर मला आता बरं वाटतं. काही घडलं तर काय घडलं ते दोघांनाही दिसतं.

मांजरांबाबत मात्र मला वादच वाटत नाही. मांजर माणसापेक्षा जागेला धरून असतं. परक्या घरात नेलं तर ते पलंगाखाली जाऊन बसतं आणि खाणं सोडतं, आणि लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर त्याचं यकृत बिघडू शकतं. त्याच्याच घरी दिवसातून एक फेरी, वाटी, पाणी, ट्रे, थोडा खेळ, की ते खूश. एकच अट आम्ही सोडत नाही: खिडक्यांना आणि बाल्कनीला कबुतरांची जाळी हवी, धड बांधलेली. अठराव्या मजल्यावरच्या उघड्या स्लायडिंगचं मांजर मी घेत नाही, मालक कितीही म्हणोत की ते कधी कठड्यावर चढत नाही.

फेऱ्यांमध्ये रोगाची भीती संपते असं मात्र समजू नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू बुटाच्या तळव्यावरून या घरातून त्या घरात जाऊ शकतो आणि जमिनीवर महिनोन् महिने टिकतो. लसी पूर्ण न झालेलं पिल्लू असेल तर ते घर दिवसातलं पहिलं घ्यावं, बाकीची नंतर. आमच्या पिशवीत घरोघरी वेगळ्या रबरी चपला असतात, त्या ब्लीचच्या पाण्याने पुसतो. लोकांना हे जरा जास्त वाटतं.

दिवाळीचं उत्तर दोन्हीकडे अर्धवटच आहे. बोर्डिंगमध्ये एक सुतळी बॉम्ब फुटला की एक कुत्रं भुंकतं आणि बाकीची त्याच्यात सूर मिसळतात. स्वतःच्या घरी असलेल्या कुत्र्याला ओळखीचा पलंग असतो, पलंगाखाली ओळखीची जागा असते. पण रात्री दहानंतर ते एकटं असतं. फटाक्यांना भिणारं कुत्रं असेल तर आम्ही रात्रीच तिथे झोपायला जातो आणि दर वाढवून सांगतो. नवरा-बायको दोघंही यात असतील तर जमतं, एकट्याला दिवाळीत एकच घर घेता येईल.

तेव्हा बोर्डिंग करू नका असं मी म्हणत नाही. बदलापूर-कर्जतकडे बैठं घर असेल, पाइपने धुता येईल अशी फरशी असेल, भिंतीत फटी नसतील, पडदे-सोफे नसतील, येणारं प्रत्येक कुत्रं दारातच अंगभर चाचपून आत घ्यायची शिस्त असेल, तर बोर्डिंगमध्ये चांगलं पोट भरतं. राहत्या फ्लॅटमध्ये, मुलंबाळं नांदत असताना करायचं असेल, तर मी तरी फेऱ्यांकडेच बोट दाखवीन.

आणि फेऱ्या करायच्या ठरल्या तर पहिल्या हंगामात घरापासून चालत जाता येईल एवढ्याच अंतरातली गिऱ्हाइकं घ्या, तीही मांजरांची. मालक गावाला निघण्याच्या आठवडाभर आधी एकदा घरी जाऊन या. औषधं कुठे, डॉक्टर कोण, मालकाशी संपर्क झाला नाही तर उपचारावर किती रुपयांपर्यंत खर्च करायचा, हे एका कागदावर लिहून सही घ्या. घोडबंदरच्या पलीकडून कुणी दुप्पट पैसे देतो म्हणालं तरी गणपतीत हो म्हणू नका.