जळगाव स्टँडकडची चहाची टपरी
चहा एकदम कडक, आलं भरपूर, कट मागितला तरी ग्लास भरूनच देतात. पण निवडणुकीत जरा सांभाळून बसा. मागच्या वेळी मी दुसऱ्याच उमेदवाराचं नाव घेतलं तर बाकावरचे पाचही जण माझ्याकडेच बघायला लागले, एक काका म्हणे "भाऊ, हवा त्यासनीच शे" आणि मीपण मान डोलावली राव! मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅशच्या १९५१ च्या रेघांची लांबी जुळवायच्या प्रयोगात सेम, बाकीचे मुद्दाम चूक उत्तर द्यायचे, ते धडधडीत चूक दिसतंय तरी जवळपास ७५ टक्के लोक एकदा तरी घोळक्यासोबत गेले, पण सोबत एक जण जरी खरं बोलला की दबाव बराच कमी. इथे तो एक जण म्हणजे भजी तळणारे दादा. बटण मात्र मी माझंच दाबलं, आत कोण बघतंय! भजी तेलकट, ३ स्टार.