नारायण पेठेतला रविवारचा केमिस्ट्री क्लास : वर्षभर गेल्यानंतर

नेट-सेटसाठी क्लास शोधणाऱ्यांना आधीच सांगते, सरांकडे छापील नोट्स मिळत नाहीत, टेस्ट सिरीज नाही आणि सिलॅबस वेळेत संपेलच असं नाही. स्पेक्ट्रोस्कोपी निम्मी मी माझी मीच केली. तरी वर्षभरात एकही रविवार चुकवला नाही.

क्लास म्हणजे सरांच्या घरातली पुढची खोली. जुना वाडा, अरुंद लाकडी जिना, सतरंजीवर बारा जण. सकाळी ८ ते ११, फी महिना ८०० रुपये. गाडी लावायला जागा नाही, त्यामुळे डेक्कनला उतरून झेड ब्रिजवरून चालत आलेलं बरं. सर कॉलेजातून निवृत्त झालेत. कॅन्सरवर चालतील अशी रुथेनियम या धातूची संयुगं करण्यात त्यांची तीस वर्षं गेली. एकाचंही औषध झालं नाही, हे ते पहिल्याच दिवशी सांगतात.

त्याआधी मी एका मोठ्या क्लासला जायचे. तिथे शंका चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायची. माझ्या सहा चिठ्ठ्या गेल्या, उत्तर एकाही चिठ्ठीला नाही. इथे सर प्रत्येकाची वही आठवडाभर ठेवून घेतात आणि अक्षर न् अक्षर वाचतात. म्हणून दोन वह्या करा. एकदा मी चुकलेल्या गणितावर व्हाइटनर फिरवला होता. सरांनी तो नखाने हळूहळू खरवडला, खालचं वाचलं आणि म्हणाले, "वाट बरोबर होती गं, चौथ्या ओळीत सुटली. पुसलंस कशाला?" तेव्हापासून चुकलेलं मी फक्त एका रेघेने खोडते.

सिसप्लॅटिन हे प्लॅटिनमचं कॅन्सरवरचं औषध त्यांनी शिकवलं ते गणपतीच्या उरलेल्या शाडूवर. मधे प्लॅटिनमचा गोळा, खराट्याच्या हिरांनी जोडलेले चार लहान गोळे, त्यातल्या दोन क्लोरीनना हळद लावलेली. हळदीचे गोळे शेजारी-शेजारी असले की सिस, समोरासमोर असले की ट्रान्स. रक्तात क्लोराइड भरपूर असतं, पेशीत फार कमी. त्यामुळे आत गेल्यावर क्लोरीन सुटतात, त्यांच्या जागी पाणी येतं आणि मग प्लॅटिनम डीएनएच्या ग्वानिन या घटकाला धरतं. सरांनी डीएनए म्हणून सुतळी आणली होती, ग्वानिनच्या जागी तिला गाठी मारल्या होत्या. सिसचे दोन्ही हात शेजारच्या दोन गाठींना लावल्याबरोबर सुतळी वाकली. ट्रान्सचे हात त्या दोन गाठींवर बसेचनात. "म्हणून ट्रान्स औषध नाही," एवढंच म्हणून सरांनी सुतळी आमच्या हातात दिली. हे औषध सलाइनमधून का देतात, नुसत्या ग्लुकोजच्या पाण्यातून का नाही, हा प्रश्न त्यांनी घरी दिला. उत्तर त्या क्लोराइडमध्येच होतं, आणि ते मला रात्री साडेअकराला सुचलं.

सिसप्लॅटिन सापडलंही एका बिनसलेल्या प्रयोगातून. १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम बघत होते. जिवाणू विभागायचे थांबून नुसते लांब वाढले. कारण वीज नव्हती, इलेक्ट्रोडचं प्लॅटिनम विरघळत होतं. १९७८ साली त्याच प्लॅटिनमच्या संयुगाला औषध म्हणून मान्यता मिळाली.

सरांच्या कपाटात त्यांच्या स्वतःच्या वह्या आहेत. मागितली की देतात. एका पानावर लिहिलंय, 'पेशी मेल्या. पण पाण्यात साका बसला. थांबवलं.' पुढच्या विद्यार्थिनीने नेमकी त्या पानापासून सुरुवात केली, लिगंड म्हणजे धातूला जोडलेला रेणू बदलला, साका बसायचा थांबला. तिचा काळ्या बांधणीचा प्रबंध त्या वहीला खेटून ठेवलाय. बाकीचे प्रबंधही असेच आपापल्या वहीशेजारी. मला सगळ्यात जास्त काही शिकवलं असेल तर त्या कपाटाने.

आणखी एक सांगायलाच हवं. दुसऱ्या रविवारी सरांनी विचारलं, "कुठली गं तू?" मी म्हटलं, नंदुरबार. सर एकदम उठून उभे राहिले. "म्हणजे मनसुख वाणींच्या गावची!" मी हे नाव कधी ऐकलंच नव्हतं. वाणी १९२५ साली नंदुरबारला जन्मले, मुंबईत शिकले, मग अमेरिकेत गेले. तिथे मन्रो वॉल आणि त्यांनी पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं औषध वेगळं काढलं. साल गोळा झाली १९६२ साली, रचना छापून आली १९७१ साली, मान्यता १९९२ साली. मधली सगळी वर्षं सरांनी फळ्यावर एकाखाली एक लिहिली. टॅक्सॉल म्हणजेच पॅक्लिटॅक्सेल, हे सांगितलं तेव्हा माझं पेन थांबलं. माझ्या आत्याला तेव्हा दर आठवड्याला तेच चालू होतं, आणि तिच्या फाइलवर ते नाव मीच मोठ्याने वाचून दाखवायचे.

जिन्यातूनच आत्याला फोन लावला. तुला जे औषध चढवतात ते शोधणाऱ्यातला एक आपल्या नंदुरबारचा, वाणी म्हणून, असं सांगितलं. ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "वाणी? कोणत्या गल्लीतले गं?"