दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली : एका शैक्षणिक वर्षाच्या वापरानंतर

चौथीत शिकणाऱ्या आमच्या मुलीसाठी मी गेल्या जूनअखेरीस ६०० मिलिलिटरची, दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली घेतली आणि वार्षिक परीक्षा संपेपर्यंत तिने ती रोज शाळेत नेली. आम्ही नागपुरात राहतो. विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात हे खरे असले, तरी ऑक्टोबरचे ऊन आणि मार्च-एप्रिलची काहिली मुलांना वर्गातच काढावी लागते. तिसरीपर्यंतची तिची प्लॅस्टिकची बाटली संध्याकाळी निम्म्याहून अधिक भरलेली परत येई आणि तिच्यातले पाणी कोमट, वास येणारे असे. मुलांनी शाळेत पुरेसे पाणी प्यावे एवढाच या खरेदीचा हेतू होता, आणि या अनुभवाचे मोजमापही मी त्याच एका कसोटीवर करणार आहे.

प्रथम किती पाणी लागते ते पाहू. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार ४ ते ८ वर्षे वयाच्या मुलांना दिवसाला १.६ लिटर, तर ९ ते १३ वर्षांच्या मुलींना १.९ आणि मुलांना २.१ लिटर पाणी लागते. या आकड्यांत जेवणातून मिळणारे पाणीही धरलेले आहे. मात्र ते मध्यम तापमान आणि मध्यम हालचाल गृहीत धरून काढलेले आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात गरज त्याहून वाढते. वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसांपेक्षा जास्त असल्याने बाहेरची उष्णता त्यांच्या शरीरात लवकर शिरते, आणि खेळाच्या नादात तहानेकडे त्यांचे लक्षही जात नाही. साडेदहा ते पाच अशी शाळा आणि जाण्यायेण्याचा वेळ धरला, तर मुलीच्या जाग्या दिवसाचा निम्मा भाग घराबाहेर जातो. म्हणून त्या वेळात निदान ६०० ते ८०० मिलिलिटर पाणी पोटात जावे, असा अंदाज आम्ही बांधला.

मग मोठीच बाटली का घेतली नाही, असे कोणी विचारेल. याचे उत्तर दप्तराच्या वजनात आहे. २०२० च्या शालेय दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीच्या दप्तरासाठी १.७ ते २.५ किलो अशी मर्यादा सुचवलेली आहे. दुहेरी भिंतीची रिकामी बाटलीच ३०० ग्रॅमच्या आसपास भरते; ६०० मिलिलिटर पाण्यासह तिचे वजन ९०० ग्रॅम होते, म्हणजे मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही जास्त. एक लिटरची तशीच बाटली लहान मुलाच्या खांद्यावर देणे मला योग्य वाटत नाही. शाळेत पिण्याच्या शुद्ध पाण्याची सोय असेल, तर मधल्या सुट्टीत बाटली पुन्हा भरून घेणे हाच सरळ मार्ग आहे. आमच्या शाळेत फिल्टर आहे आणि मुलगी तिथून बाटली भरते.

पाणी गार ठेवण्याचे काम बाटलीने चोख केले. सकाळी साडेनऊला माठातले पाणी भरले, तर मधल्या सुट्टीपर्यंत ते तसेच गार राहते, आणि फिल्टरचे पाणीही सुट्टीनंतर तापत नाही. दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली असल्याने बाहेरची उष्णता आत पोहोचत नाही. पूर्वी आम्ही प्लॅस्टिकच्या बाटलीला ओला कपडा गुंडाळून देत असू; विदर्भाच्या कोरड्या हवेत तो उपाय चांगला चालतो, पण दमट कोकणात तो फारसा उपयोगी पडणार नाही, शिवाय ओल्या कपड्याने वह्या भिजतात. बाटली एकदा जिन्यावरून पडून तिच्या बुडाला पोचा आला, तेव्हा मला काळजी वाटली. दोन भिंतींमधली निर्वात पोकळी शाबूत आहे की नाही हे घरी तपासता येते: आत कडकडीत गरम पाणी ओतून काही मिनिटांनी बाहेरून हात लावावा, बाहेरची भिंत गरम लागली तर पोकळी गेली असे समजावे. आमची शाबूत निघाली.

खरेदी करताना मी ३०४ प्रतीचे स्टील आणि भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह या दोन गोष्टी पाहिल्या. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. स्वस्त बाटल्यांत वापरल्या जाणाऱ्या २०२ प्रतीत निकेल कमी आणि मँगनीज जास्त असते, आणि ते स्टील गंजाला तितके तोंड देत नाही. तांब्याची बाटली आम्हाला भेट मिळाली होती, ती घरीच ठेवली, कारण मुले तिच्यात कधी लिंबू सरबत भरतील याचा नेम नसतो आणि आंबट पेयात तांबे उतरते.

माझी खरी तक्रार झाकणाविषयी आहे, आणि माझ्या मते बाटली निवडताना सर्वांत जास्त विचार झाकणाचाच करावा. आमच्या बाटलीला बटण दाबून उघडणारे झाकण आहे. मुलगी एका हाताने ते उघडते, दोन घोट घेते आणि बंद करते, त्यामुळे दोन तासिकांच्या मधल्या मिनिटभरात पाणी पिणे तिला जमते. फिरकीच्या रुंद तोंडाच्या बाटलीला दोन हात लागतात, पाणी वहीवर सांडते आणि मूल ती वर्गात उघडायचे टाळू लागते. नळीच्या झाकणातून पिणे सोपे असले तरी नळीच्या आत साचणारा बुळबुळीत थर बारीक ब्रशशिवाय निघत नाही. बटणाच्या झाकणातला सिलिकॉनचा वायसर मात्र दर आठवड्याला काढून, खाण्याच्या सोड्याने घासून, पूर्ण वाळवून बसवावा लागतो. पावसाळ्यात हे चुकले की त्याच्या खाचेत काळी बुरशी धरते. दिवाळीनंतर बटणाची स्प्रिंग सैल झाली आणि बाटली दप्तरात गळू लागली. विक्रेत्याकडे सुटे झाकण मागितले तेव्हा अख्खी बाटली घ्या, असे उत्तर मिळाले. एवढ्या किमतीच्या वस्तूचे सुटे भाग मिळू नयेत हे मला अत्यंत चुकीचे वाटते. शेवटी सीताबर्डीच्या बाजारात त्याच मापाचे दुसरे झाकण सापडले.

तरीही पहिल्या महिन्यात बाटली पूर्ण रिकामी होत नव्हती. मुलीला नीट विचारल्यावर कारण कळले: शाळेतले स्वच्छतागृह घाण असते, म्हणून ती पाणी कमी पिते, आणि तिच्या मैत्रिणीही तेच करतात. या वयात मूत्राशयाची क्षमता मिलिलिटरमध्ये ढोबळमानाने 'वय अधिक २, गुणिले ३०' अशी काढतात, म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीला सुमारे ३३० मिलिलिटर. पुरेसे पाणी प्यायलेल्या मुलीला सहा तास स्वच्छतागृहात न जाता काढणे शक्यच नाही, आणि लघवी रोखून धरण्याने जंतुसंसर्ग आणि पुढे बद्धकोष्ठता यांना आमंत्रण मिळते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि सुरक्षित, पुरेसे पिण्याचे पाणी या दोन्ही गोष्टी प्रत्येक शाळेसाठी आवश्यक ठरवलेल्या आहेत. आम्ही काही पालकांनी हा विषय पालक-शिक्षक संघाच्या सभेत मांडला. स्वच्छतागृह दिवसातून दोनदा धुतले जाऊ लागले आणि मुलींच्या बाटल्या त्यानंतर रिकाम्या होऊ लागल्या. माझ्या दृष्टीने या वर्षातला सर्वांत मोठा बदल तोच ठरला.

त्याच सभेत केरळने २०१९ मध्ये शाळांत सुरू केलेल्या पाण्याच्या घंटेचाही उल्लेख झाला. ठरावीक वेळी घंटा वाजते आणि सगळा वर्ग एकत्र पाणी पितो. आमच्या शाळेत घंटा नाही, पण वर्गशिक्षिकांनी दुसऱ्या आणि सहाव्या तासिकेनंतर सर्वांना बाटली काढायला सांगण्यास सुरुवात केली, आणि एकट्याने पाणी पिताना संकोचणारी मुले सर्वांबरोबर सहज पिऊ लागली. पुरेसे पाणी पोटात गेले की नाही हे ओळखण्यासाठी आम्ही घरी लघवीचा रंग पाहायला मुलीलाच शिकवले: फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर संध्याकाळी ताक किंवा पन्हे. डब्यात काकडी किंवा टरबुजाच्या फोडी दिल्या की त्याचीही मदत होते. साखर घातलेली रंगीत पेये आम्ही बाटलीत कधीच भरत नाही.

मार्चपासून शाळा सकाळची झाली, तेव्हा बाटली एकदाच भरणे पुरेसे ठरले, कारण मुलगी दुपारच्या आत घरी येत असे. ज्या शाळेत पाणी पुन्हा भरण्याची सोय आहे आणि वर्ग दिवसभर भरतो, त्या शाळेतल्या तिसरी ते सहावीच्या मुलांसाठी ही बाटली मी निश्चित सुचवीन. घेताना सुटे झाकण आणि वायसर मिळतो का, हे आधीच विचारावे. जिथे भरण्याची सोय नाही तिथे ६०० मिलिलिटर अपुरे पडते, आणि अशा मुलांसाठी एकपदरी, हलक्या स्टीलची एक लिटरची बाटली बरी. तिच्यातले पाणी गार राहणार नाही, पण संध्याकाळपर्यंत पुरेल.