कंसातली संख्या: राजारामपुरीत घेतलेला कॅल्क्युलेटर

भाचीला अकरावीसाठी सायंटिफिक कॅल्क्युलेटर हवा होता, म्हणून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून संख्येचे मूळ अवयव पाडून देणारा, दहा अंकी पडद्याचा एक घेतला. किंमत दीड हजारांच्या आत होती. "इथंच चालवून बघा की सर, परत घेत नाही आम्ही," असे दुकानदाराने बजावल्यामुळे मी काउंटरवरच ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या घातली. २ चा ३२ वा घात अधिक १ म्हणजे ही संख्या, आणि ती पडद्यावर काठोकाठ मावते.

निवड मुद्दाम केलेली होती. १, २, ४, ८, १६ हे घातांक घेऊन २ च्या घातात १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५५३७ या मूळ संख्या मिळतात. त्यावरून हीच रीत पुढेही चालेल असे फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने सतराव्या शतकात मानले, आणि १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने नेमक्या पुढच्याच संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो हे दाखवले. याची पडताळणी भागाकाराशिवायही होते. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, म्हणून ५ × १२८ ला ६४१ ने भागल्यास बाकी उणे १ येते आणि त्याच्या चौथ्या घाताची, म्हणजे ६२५ × २ चा २८ वा घात याची, बाकी १ येते. शिवाय ६४१ म्हणजे ६२५ + १६ असल्याने त्या घातातल्या ६२५ च्या जागी उणे १६, म्हणजे उणे २ चा चौथा घात, लिहिता येतो, आणि २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ उरते. इतकी देखणी सिद्धता फळ्यावर दोन ओळींत मावते.

यंत्राने मात्र बरोबरच्या चिन्हानंतर शिफ्ट आणि अंश-मिनिटांची कळ दाबताच ६४१ × (६७००४१७) असे उत्तर दिले. हा कंस गुणाकाराचा नव्हे. तीन अंकांपेक्षा मोठे अवयव यंत्र शोधत नाही आणि ज्याची खात्री झाली नाही तो भाग कंसात ठेवते, असे माहितीपुस्तिकेत मुंगीएवढ्या अक्षरांत दिले आहे. ६७००४१७ ही मूळ संख्याच आहे. पण मी १०२२११७ घातली, जी १००९ × १०१३ आहे, तर तीही तशीच कंसात आली. मूळ आणि संयुक्त दोन्हींना एकच कंस असल्यामुळे विद्यार्थी फसण्याची शक्यता आहे, हा माझा मुख्य आक्षेप. तरीही खात्री नसताना उत्तर ठोकून न देण्याचा यंत्राचा हा प्रामाणिकपणा मला आवडला.

कळा घट्ट आहेत, आवाज करत नाहीत. दुकानाबद्दल एवढेच की गॅरंटी कार्डावरचा शिक्का मागून घ्यावा लागला.

कंस सोडवण्याचे काम मी भाचीवर सोपवले. ऑयलरच्या त्या संख्येचा कोणताही मूळ अवयव १२८ च्या पटीत १ मिळवूनच येतो, आणि ६७००४१७ चे वर्गमूळ २५८९ च्या आत असल्याने २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढ्याच मूळ संख्या तपासायच्या उरतात. तिने त्याच कॅल्क्युलेटरवर पाच भागाकार केले. पाचही वेळा दशांश चिन्हापुढे अंक उरले, तेव्हा तिने वहीत ६७००४१७ भोवतीचा कंस खोडून टाकला.