लिथियम बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर: दापोलीत एक अख्खा पावसाळा काढल्यावरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, मग वेळ असेल त्यांनी पुढे वाचा. लाईट जाण्याचा त्रास संपवायचा असेल तर घरातली लिथियम बॅटरी झकास, पाचपैकी साडेचार. पण "ताई बॅटरी लावा, बिल शून्य" असं म्हणून कोणी विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. बिल खाली आणतात ती छपरावरची पॅनल आणि नेट मीटर (आपण दिलेली आणि घेतलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर). बॅटरीचं काम वेगळं आहे.

आमचं घर दापोली तालुक्यात, खाडीच्या बाजूला. वीज येते ती लांबून, मधे सगळी आंबा-काजूची झाडं, त्यामुळे जून ते ऑक्टोबर जरा वारा सुटला की लाईट गेलीच समजायची. आणि ३ जून २०२० चं निसर्ग वादळ इकडच्या कोणाला सांगायला नको, दापोली-मंडणगडात खांबच्या खांब आडवे झाले होते आणि कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. तेव्हा ज्यांच्या छपरावर साधं ऑनग्रिड सोलर (बॅटरीशिवाय, थेट ग्रिडला म्हणजे वीज कंपनीच्या तारांना जोडलेलं) होतं तेही अंधारातच बसले. कारण ग्रिड गेलं की ऑनग्रिड इन्व्हर्टर मुद्दाम बंद पडतो, नाहीतर आपली वीज उलटी तारांवर जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. म्हणजे डोक्यावर लख्ख ऊन, छपरावर पॅनल, आणि घरात मेणबत्ती. हे लोकांना पॅनल लावल्यावर कळतं.

तर आमच्याकडे आता ३ किलोवॅटची पॅनल, ५ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनल, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा) आणि एक एलएफपी बॅटरी आहे. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. मोबाईलमध्ये असते त्यापेक्षा ही केमिस्ट्री वेगळी, तापली तरी लवकर पेट घेत नाही, म्हणून घरात हीच घ्यायची. प्रत्येक सेल ३.२ व्होल्टचा, असे १६ सेल ओळीने, म्हणजे ५१.२ व्होल्ट, गुणिले १०० अँपिअर अवर, झाली ५.१२ युनिट. त्यातली साडेचारच्या आसपास वापरायला मिळतात असं धरून चाला. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण तुमच्या तालुक्यात ज्याची सर्व्हिस आहे तोच ब्रँड चांगला.

आधी आमच्याकडे ट्युब्युलर, म्हणजे पाणी टाकायची लेड ॲसिड बॅटरी होती, १२ व्होल्ट १५० एएच (अँपिअर अवर), जी महाराष्ट्रात घरोघरी जिन्याखाली बसलेली असते. हिशोब केला तर तिच्यात १.८ युनिट, आणि तिला अर्ध्याखाली नेलं की आयुष्य घटतं, म्हणजे हाताला लागतं ते एक युनिटही नाही. शिवाय चार्जिंगमध्ये पाचातलं एक युनिट वाया, डिस्टिल्ड वॉटर टाका, टर्मिनलवरची पांढरी बुरशी घासा, आणि चार-पाच वर्षांनी बदला. लिथियमला यातलं काहीच नाही, भिंतीवर टांगली की विसरा, वजन मात्र पन्नास किलोच्या आसपास आहे तेव्हा भिंत बघून टांगा.

रात्रीचा आमचा हिशोब असा. चार जुने पंखे ७५ वॅटचे म्हणजे ३००, फ्रिज सरासरी साठेक, थोडे एलईडी, वायफाय, आणि इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून पाचशेच्या आत. म्हणजे रात्री दहाला लाईट गेली तर सकाळी सातपर्यंत निघते. लाईट गेली हे कळतच नाही, फॅनचा आवाज बदलत नाही, नवऱ्याचा लॅपटॉपवरचा कॉल तुटत नाही, सासूबाईंना तर शेजारच्या घरी अंधार दिसला की मग समजतं. हेच त्यावर दीड टनाचा एसी लावला तर तीन तासांत खेळ खल्लास. म्हणून एसी, गिझर, इंडक्शन हे बॅकअपच्या डीबीवर (वीज वाटणाऱ्या पेटीवर) घ्यायचंच नाही, वेगळी वायरिंग करून घ्यायची. विहिरीचा एक एचपीचा पंप चालतो पण सुरू होताना कितीतरी पट करंट खेचतो, ३ किलोवॅटच्या इन्व्हर्टरवर तो कुरकुरला असता, ५ वर निमूट चालतो.

आता त्रास झाला ते सांगते. लावून गेले त्या दिवसापासून बॅटरीची टक्केवारी वेड्यासारखी दाखवायची. साठ टक्के दिसतायत आणि पाच मिनिटांत सगळं बंद. बसवणाऱ्यांना फोन केला तर "मॅडम लोड जास्त असेल". लोड कसला, दोन पंखे! शेवटी दुसऱ्या वायरमनने झाकण उघडून बघितलं तर बॅटरी आणि इन्व्हर्टरमधली कम्युनिकेशन केबल जोडलेलीच नव्हती आणि सेटिंग लेड ॲसिडचं ठेवलेलं. लेड ॲसिडचा व्होल्टेज हळूहळू उतरतो, त्यावरून किती उरली याचा अंदाज येतो. एलएफपीचा व्होल्टेज मात्र नव्वद टक्क्यांपासून वीसपर्यंत जवळजवळ सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळे व्होल्टेज बघून टक्के सांगणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. बॅटरीच्या आतल्या बीएमएसने (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटने) मोजून सांगितलं तरच खरं कळतं. केबल जोडली, सेटिंग बदललं, त्या दिवसापासून आकडा बरोबर. तुमच्याकडे बसवायला आले की ही केबल जोडून ॲपमध्ये बीएमएसचा आकडा दिसल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका.

दुसरी भानगड लो व्होल्टेजची. संध्याकाळी इकडे व्होल्टेज उतरतो, ट्यूब फडफडते, हे खेड्यात नेहमीचं. इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, की तो बॅटरीवर जातो, परत येतो, परत जातो, आणि खरी लाईट जाईपर्यंत बॅटरी अर्धी संपलेली. सेटिंगमध्ये ग्रिडची खालची मर्यादा बदलता येते, पण ते माहीतगार माणसाकडूनच करून घ्या. मर्यादा फार खाली नेली तर फ्रिजचा कॉम्प्रेसर धोक्यात येतो.

तिसरं म्हणजे अर्थिंग. आमची जमीन जांभ्याची, पावसाळा सोडला तर कोरडी ठाक, अर्थिंग नीट लागत नाही. परतीच्या पावसातल्या विजा इकडे भयानक असतात. केमिकल अर्थिंग (ओल धरणारी पूड भरून केलेलं) आणि एसपीडी (विजेचा झटका अडवणारं उपकरण) हे दोन खर्च कोटेशनमधून उडवून "स्वस्तात देतो" म्हणणारे भेटतील, त्यांना नको म्हणा. आणि इन्व्हर्टरला जाळी लावा, खारी हवा आहेच, वर पाल आत शिरली तर बोर्ड जातो.

आता पैशांचं. बॅटरी आम्हाला सव्वा लाखाच्या आसपास पडली. कंपनी ६००० सायकल सांगते (एकदा भरून उतरवली की एक सायकल). रोज एकदा पूर्ण वापरली, साडेचार युनिटने गुणलं, तर २७,००० युनिट होतात, म्हणजे साठवणुकीचा खर्च युनिटला साडेचार-पावणेपाच रुपये. ऐकायला छान. पण दहा-अकरा वर्षांत दिवसच चार हजार होतात, तेवढेच धरले तर तोच खर्च सात रुपये. आणि रोज वापरतो कोण? नेट मीटरमध्ये दुपारी दिलेलं युनिट रात्री परत वापरता येतं, एकास एक, म्हणजे ग्रिड हीच आपली फुकटची बॅटरी, मग स्वतःची रोज झिजवायची कशाला. ३१ मार्चला हिशोब होऊन उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात ते किरकोळच, त्यामुळे पॅनलही गरजेपुरती लावावीत.

माझा चुलतभाऊ ऑस्ट्रेलियात ॲडलेडला असतो, तो म्हणतो त्यांच्याकडे बॅटरी घेतली नाही तर वेड्यात काढतात. त्यांचं गणितच निराळं. तिकडे घरोघरी सोलर, दुपारी वीज उतू जाते, ग्रिडला दिली तर युनिटला थोडेसे सेंट मिळतात आणि संध्याकाळी तीच कितीतरी पट भावाने विकत घ्यावी लागते. म्हणून दुपारची साठवायची आणि संध्याकाळी वापरायची, यात सरळ फायदा, शिवाय जुलै २०२५ पासून त्यांचं केंद्र सरकार बॅटरीवर साधारण ३० टक्के सूट देतंय. आपल्याकडे पीएम सूर्यघरची सबसिडी पॅनलच्या किलोवॅटवर आहे, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये. बॅटरीला त्यातला रुपया नाही. त्यामुळे परदेशातले व्हिडिओ बघून इथे हिशोब मांडू नका.

इथे बॅटरीने पैसे वाचतील असे लोक मला दोनच दिसतात. एक म्हणजे ज्यांचं दर महिन्याला तीनशे युनिटच्या वर जातं, म्हणजे महागड्या स्लॅबमध्ये बसतात, वर १६ टक्के वीज शुल्क, आणि छपरावर हक्काची जागा असूनही काही कारणाने नेट मीटर मिळत नाही. दुसरे म्हणजे लाईट गेली की ज्यांचा धंदा बसतो. दुकानाचा फ्रीझर, होमस्टे, मासळी, आईस्क्रीम. आमच्या शेजारी होमस्टे आहे, मे महिन्यात पाहुणे लाईट नाही म्हणून पैसे परत मागतात, जनरेटरला डिझेल ओतायचं आणि आवाजाने उरलेले पाहुणेही वैतागायचे. तिथे बॅटरी दोन-तीन सीझनमध्ये पैसे काढेल असं मला वाटतं. स्मार्ट टीओडी मीटरवाल्यांना (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते मोजणारा मीटर) सकाळी ९ ते ५ युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सवलत जाहीर झाली १ जुलै २०२५ पासून, ती चांगलीच आहे, पण एक रुपयाच्या फरकासाठी बॅटरी घ्यायची नसते, त्यापेक्षा वॉशिंग मशीन दुपारी लावा.

एक गोष्ट कोणीच विकताना सांगत नाही. इन्व्हर्टर नुसता चालू राहायला पन्नासेक वॅट खातो, चोवीस तास, म्हणजे दिवसाला सव्वा युनिट, महिन्याला पस्तीस-चाळीस. आमच्या पॅनलमधून उन्हाळ्यात दिवसाला बारा युनिट येतात म्हणून जाणवत नाही, पण पॅनल नसताना नुसती बॅटरी-इन्व्हर्टर घ्याल तर बिल वाढेल. विचारायचंच, "नो लोडला किती खातो?" उत्तर आलं नाही तर डेटाशीट मागा.

पावसाळ्यात उलटं, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, काही दिवस पाव भागही वीज तयार होत नाही. म्हणून मे अखेरीला मी बॅटरीचा रिझर्व्ह (लाईट जाईल तेव्हासाठी राखलेला हिस्सा) ऐंशी टक्क्यांवर नेऊन ठेवते, म्हणजे ग्रिड असेपर्यंत ग्रिडवरून भरलेली राहते आणि लाईट गेल्यावरच उतरते. दिवाळीनंतर परत वीसवर. हे ॲपमध्ये दोन मिनिटांचं काम आहे, पण ॲपला वायफाय लागतं आणि इंटरनेट आमच्याकडे वादळात विजेच्याही आधी जातं, तेव्हा इन्व्हर्टरच्या बटणांवरून कसं करायचं ते बसवणाऱ्याकडून शिकून घ्या. वॉरंटी कागदावर दहा वर्षं आहे, त्यातही दहाव्या वर्षी किती टक्के क्षमता उरायला हवी ते बारीक अक्षरात असतं, तेवढं वाचाच.

सध्या घरात दुसरी बॅटरी जोडायची का यावर चर्चा चालू आहे, नवऱ्याला हवीये. माझं म्हणणं, आधी चार जुने पंखे काढून बीएलडीसी लावू, ते तीसेक वॅटवर चालतात. चार पंखे, आठ तास, रात्रीचं जवळजवळ दीड युनिट वाचलं, म्हणजे आहे त्याच बॅटरीतला तिसरा हिस्सा मोकळा, आणि खर्च बारा-तेरा हजार. दोन पंखे आले आहेत, उरलेले दोन वायरमनला वेळ मिळेल तेव्हा.