कम्प्युटरवर रेडिओ ऐकायचाय? ब्राउझर, व्हीएलसी की डोंगल

घरच्या कम्प्युटरवर रेडिओ लावायला तीन वाटा आहेत, ब्राउझरमध्ये साइट उघडा, व्हीएलसी या मीडिया प्लेअरमध्ये लिंक टाका नाहीतर यूएसबी डोंगल (पेनड्राइव्हसारखा छोटा रिसीव्हर) लावून थेट हवेतलं एफएम पकडा. काय ऐकायचंय आणि मशीन किती जुनं आहे, यावरच सगळं ठरतं.

ब्राउझर सगळ्यात सोपा. आकाशवाणीच्या न्यूजऑनएअर साइटवर विविध भारती आणि प्रादेशिक केंद्रं मिळतात. बाहेरचं ऐकायचं असेल तर २०१६ ला नेदरलँडमध्ये सुरू झालेलं रेडिओ गार्डन बघाच, पृथ्वीचा गोल फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर थांबायचं की त्या गावचं स्टेशन सुरू, मला तर हे अजून भारी वाटतं! पण ४ जीबी रॅमच्या जुन्या पीसीला तो गोल जड जातो आणि काम करता करता टॅब बंद झाला की गाणं पण गेलं.

म्हणून रोजच्यासाठी मी व्हीएलसीच सांगतो. कंट्रोल आणि एन दाबायचं, स्टेशनची लिंक पेस्ट करायची, प्ले. आवडीची चार स्टेशनं प्लेलिस्टमध्ये घेतली की कंट्रोल-वायने फाइल सेव्ह करून टाका, पुढच्या वेळी डबल क्लिक केलं की झालं. लिंका शोधायला रेडिओ ब्राउझर नावाची लोकांनीच भरलेली यादी आहे. कधीकधी लिंक बदलते आणि स्टेशन गप्प होतं, मग नवी शोधून टाकावी लागते, तेवढाच त्रास.

डेटाचं टेन्शन घेऊ नका. ६४ केबीपीएस वेगानं येणारं स्टेशन तासाला साधारण २९ एमबी खातं, १२८ चं ५८, म्हणजे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पण दिवसभर चालतं. फक्त नेटवरचा आवाज काही सेकंद मागं असतो, त्यामुळं आकाशवाणीच्या टोल्यावर घड्याळ लावू नका.

आता डोंगल. आरटीएल-एसडीआर म्हणतात त्याला, नेट लागत नाही. एसडीआर शार्प हा प्रोग्रॅम उघडला की एफएम बँडचा एक तुकडा स्क्रीनवर दिसतो, तो सरकवत गेलं की ९४.३ ला टोमॅटो एफएमचा उंचवटा, १०२.७ ला आपल्या कोल्हापूर आकाशवाणीचा, त्यावर क्लिक करायचं की आवाज. पण आधी झाडिग नावाच्या प्रोग्रॅमने डोंगलचा ड्रायव्हर बदलायचा, अँटेना खिडकीशी न्यायची, जवळ स्वस्तातला चार्जर असला की खरखर. नुसती गाणी ऐकायला एवढा खटाटोप नको, पोरांना रेडिओ कसा चालतो ते दाखवायचं असेल तर मात्र जरूर घ्या.

आणि कुठलीही वाट धरा, सेलवरचा छोटा रेडिओ घरातून काढू नका. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडं निघाली की सगळ्यांचे कान बातम्यांकडं असतात, आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते, लाईट गेली की राउटर बंद, पीसी बंद.

आईबाबांसाठी बसवून देणार असाल तर व्हीएलसीची प्लेलिस्ट डेस्कटॉपवर ठेवा, फाइलचं नाव मराठीत लिहा आणि प्रत्येक स्टेशनची वेगळी फाइल करा, एकाच फाइलमध्ये सगळी कोंबली तर पुढचं स्टेशन लावायला त्यांना तुम्हालाच हाक मारावी लागते.