वीकेंड ग्रामर बॅच: टेन्सेस भारी, नोट्स मात्र बोगस

फी वसूल झाली ती एकट्या प्रेझेंट परफेक्टवर, बाकी क्लास ठीकठाक. शाळेत आपल्याला काय शिकवलं तर हॅव नाहीतर हॅज लावा, पुढे क्रियापदाचं तिसरं रूप टाका, झाला पूर्ण वर्तमानकाळ, आणि गो वेंट गॉन पाठ करा. वापरायचा कधी ते कोणी बोललंच नाही. मराठीत 'मी कालच आलोय' बिनधास्त चालतं म्हणून आपली जनता ऑफिसात 'आय हॅव सेंट द मेल येस्टरडे' ठोकून देते, समोरच्याला कळतं त्यामुळे कोणी टोकत पण नाही.

इथल्या मॅडम आधी एकच विचारतात, वेळ संपली का चालू आहे? काल, गेल्या आठवड्यात, २०१९ मध्ये, हे सगळं संपलेलं, तिथे साधा पास्ट, विषय कट. वेळ सांगायचीच नाहीये किंवा अजून चालू आहे, तर हॅव. खरी मजा 'धिस मॉर्निंग'ला येते. सकाळी दहाला बोलत असाल तर 'आय हॅवन्ट हॅड टी धिस मॉर्निंग', कारण सकाळ अजून शिल्लक आहे (आणि चहाची आशा पण), तेच दुपारी चारला बोललात तर 'आय डिडन्ट हॅव टी धिस मॉर्निंग'. तसंच 'माय फादर हॅज लिव्ड इन सातारा ऑल हिज लाइफ' म्हणजे वडील आहेत, नुसतं 'लिव्ड' म्हटलं की ऐकणारा समजतो गेले. बॅचमधल्या एका काकांनी हे ऐकल्या ऐकल्या वहीतलं वाक्य खोडलं, वडील नव्वदीचे आणि ठणठणीत आहेत म्हणे!

'सिन्स फाइव्ह इयर्स'वर तर अख्खा तास गेला आणि तो जायलाच हवा होता. सिन्सच्या पुढे सुरुवात कधी झाली ते, सिन्स २०१९, सिन्स मंडे, आणि किती काळ ते सांगायला फॉर. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' नाही, 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स'. गॉन आणि बीन मात्र दहा मिनिटांत उरकलं, ही हॅज गॉन टू नागपूर म्हणजे साहेब अजून तिकडेच, बीन म्हणजे जाऊन आले.

आता नोट्स. झेरॉक्सची झेरॉक्स, अर्धी पानं वाचता येत नाहीत, वर 'डिड यू ईट यट?' ला सरळ फुली मारलीये. अमेरिकेत लोक सर्रास असंच बोलतात, ब्रिटिश इंग्लिशमध्ये 'हॅव यू ईटन यट?' म्हणतात, एवढी एक ओळ छापायला काय जातं? मॅडमना विचारलं तर नीट सांगतात, पण घरी बसून नोट्स वाचणाऱ्याने काय करायचं. ज्यांची पोरं न्यू जर्सीला आहेत त्यांनी तरी ती फुली मनावर घेऊ नका.

रविवारची बॅच टाळा, इतकी गर्दी की मागच्या बाकावर फळा दिसत नाही. शनिवार सकाळची घ्या, आणि आधी डेमोला बसून मगच पैसे भरा.